सोबत कुठपर्यंत करावी? पॅनिक डिसऑर्डर असलेल्या पत्नीविषयी एका पतीच्या प्रश्नाला उत्तर

प्रश्न डोंबिवलीहून एका गृहस्थांनी विचारला आहे. त्यांची पत्नी 34 वर्षांची असून घाटकोपरला नोकरी करते. आठ महिन्यांपूर्वी सकाळच्या लोकलमध्ये तिचा जीव एकाएकी घाबरा झाला, छातीत धडधडू लागले, हातांना मुंग्या आल्या आणि आता आपण मरणार असे तिला वाटले. त्यानंतर तीन वेळा रात्री तिला इस्पितळात न्यावे लागले. ईसीजी, टू-डी एको, थायरॉइड, हिमोग्लोबिन, साखर सगळे ठीक आहे. डॉक्टरांनी हा पॅनिक डिसऑर्डर असल्याचे सांगून मनोविकारतज्ज्ञांचे नाव दिले, पण तिकडे जाणे घरात कोणाला पटले नाही. आता हे गृहस्थ रोज तिला कार्यालयाच्या दारापर्यंत सोडतात, दिवसभर फोन जवळ ठेवतात, तिला कुठेही एकटीला जाऊ देत नाहीत. ते लिहितात, ‘एवढे करूनही त्रास वाढतोच आहे. मी आणखी काय करू? आणि ती पूर्वीसारखी होईल का?’

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण तुम्ही ते पत्राच्या शेवटी लिहिले असले तरी सर्वांत आधी तेच मनात आले असणार. हा आजार बरा होण्याजोगा आहे. मनोविकारांमध्ये उपचारांना उत्तम प्रतिसाद देणाऱ्या आजारांत त्याची गणना होते, आणि योग्य उपचार घेणाऱ्या बहुतेक व्यक्ती नोकरी, प्रवास, संसार सगळे पूर्ववत करू लागतात. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मात्र तुम्हाला अनपेक्षित वाटेल. तुम्ही आणखी काही करण्याची गरज नाही. आज जे करता आहात त्यातले बरेचसे हळूहळू, ठरवून आणि पत्नीच्या संमतीने कमी करायचे आहे. तुमचे वागणे प्रेमापोटीच आहे, म्हणून हे सांगताना मला त्यामागचे कारण नीट उलगडून सांगावे लागेल.

तपासण्यांपासून सुरुवात करू. तुम्ही केलेल्या तपासण्या आवश्यकच होत्या. थायरॉइड वाढल्याने, रक्त कमी असल्याने, दम्याने, साखर उतरल्याने किंवा हृदयाची लय बिघडल्यानेही अशी लक्षणे दिसतात, त्यामुळे एकदा हे सर्व तपासून घ्यायलाच हवे. पण एकदाच. यापुढे पुन्हा तपासणी करावी लागेल ती लक्षणांचे रूप बदलले तरच: चालताना किंवा जिना चढताना छातीत दुखू लागले आणि थांबल्यावर थांबले, दुखणे हात किंवा जबड्याकडे सरकले, शुद्ध खरोखर हरपली, किंवा एखादे बटण दाबावे तशी धडधड क्षणात सुरू होऊन क्षणात बंद होऊ लागली, तर डॉक्टरांकडे जरूर जावे. तसे काही नसताना दर महिन्याला काढलेला ईसीजी दोन दिवसांचा दिलासा देतो, आणि तिसऱ्या दिवशी ‘पण तेव्हा नॉर्मल होता, आज असेल का?’ हा प्रश्न पुन्हा उभा राहतो.

येथे एक गोष्ट मोकळेपणाने सांगावीशी वाटते. व्यवसायाच्या सुरुवातीच्या वर्षांत मी अशा रुग्णांना ‘रिपोर्ट नॉर्मल आहेत, तुम्हाला काहीही झालेले नाही’ असे सांगत असे आणि ते दिलासा घेऊन घरी जातील असे मानत असे. पुष्कळ उशिरा एका रुग्णाने मला विचारले, ‘मग मी खोटे बोलतो असे तुमचे म्हणणे आहे का?’ त्या दिवसापासून मी ते वाक्य सोडले. तुमच्या पत्नीला ‘हृदय निरोगी आहे आणि होणारा त्रासही खरा आहे’ हे दोन्ही एका वाक्यात ऐकायला मिळाले पाहिजे. त्यातला एकच अर्धा भाग सांगितला की माणूस एकटा पडतो.

त्रास खरा कसा, ते पाहू. समोर संकट आले की शरीरात ॲड्रेनलिन सुटते. हृदय जोराने धावू लागते, श्वास वाढतो, रक्त मोठ्या स्नायूंकडे वळते म्हणून हात गार पडतात, पोटात गोळा येतो, घाम फुटतो. पळण्यासाठी किंवा झुंजण्यासाठी केलेली ही जुनी तजवीज आहे आणि ती प्रत्येकाच्या शरीरात आहे. पॅनिक अटॅकमध्ये हीच यंत्रणा समोर संकट नसताना सुरू होते. श्वास भराभर घेतल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, त्यामुळे मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या थोड्या आकसतात आणि हलके, तरंगल्यासारखे वाटते. बोटांना व ओठांभोवती मुंग्या येतात त्याही याच कारणाने. आपण स्वतःपासून तुटलो आहोत किंवा आजूबाजूचे जग खोटे आहे असे काहींना वाटते, आणि तेव्हा ‘आपल्याला वेड लागते आहे’ ही भीती त्यात भर घालते. त्याने वेड लागत नाही. चक्कर येऊन पडण्याची भीती जवळजवळ सर्वांना असते, परंतु शुद्ध हरपते ती बहुधा रक्तदाब उतरल्याने आणि पॅनिकमध्ये तो उलट थोडा चढलेला असतो, म्हणून या झटक्यात माणूस प्रत्यक्ष कोसळणे फारच विरळा. झटका साधारण दहा मिनिटांच्या आत शिखर गाठतो आणि मग ओसरू लागतो, कारण शरीराला तो जोर फार वेळ टिकवता येत नाही. तो ओसरण्यासाठी गोळी घ्यावी लागत नाही, पाणी प्यावे लागत नाही, कोणी हात धरावा लागत नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे त्यावरच सगळे अवलंबून आहे.

अमेरिकेतील यादवी युद्धात लढलेल्या सैनिकांमध्ये जेकब डा कोस्टा या डॉक्टरांनी अशीच धडधड आणि छातीतले दुखणे पाहिले आणि 1871 साली त्याचे वर्णन ‘चिडखोर हृदय’ असे केले. पॅनिक डिसऑर्डरला स्वतंत्र निदान म्हणून मनोविकारांच्या अमेरिकी वर्गीकरणात स्थान मिळाले ते 1980 साली. मात्र उपचारांच्या दृष्टीने माझ्या मते सर्वांत मोलाची भर 1986 साली ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी घातली. शरीरातल्या साध्या बदलाचा माणूस भयंकर अर्थ लावतो, त्या अर्थाने भीती वाढते, भीतीने बदल आणखी वाढतात आणि वाढलेले बदल तो अर्थ खरा ठरवतात, असे चक्र त्यांनी मांडले. जिना चढल्यावर तुमची धडधड वाढते तेव्हा तुम्ही ‘जिना चढलो’ म्हणता. तुमची पत्नी ‘सुरू झाले’ म्हणते. फरक एवढाच आहे.

एखादा झटका पुष्कळांना आयुष्यात केव्हातरी येऊन जातो, त्याला आजार म्हणत नाहीत. झटके अवचित आणि पुनःपुन्हा येऊ लागले, आणि त्यानंतर महिनाभर किंवा अधिक काळ पुढच्या झटक्याची धास्ती राहिली किंवा ती टाळण्यासाठी माणसाने आपले वागणे बदलले, की पॅनिक डिसऑर्डर म्हणतात. म्हणजे या आजाराचा मोठा भाग झटक्यांच्या मधल्या दिवसांत असतो. तुमच्या पत्नीला आठवड्यात दहा-पंधरा मिनिटांचे दोन झटके येत असतील, पण उरलेला सारा आठवडा ती त्यांच्या पहाऱ्यावर घालवते आहे.

आता तुमच्या सोबतीविषयी. पहिल्या झटक्यानंतर तुम्ही तिच्याबरोबर गेलात, हे योग्यच केलेत. तेव्हा कोणालाच काही ठाऊक नव्हते. परंतु त्यानंतर प्रत्येक वेळी तुम्ही बरोबर असताना ती सुखरूप पोहोचली, आणि तिच्या मनाने त्यातून असा निष्कर्ष काढला की तुम्ही होता म्हणून ती वाचली. पर्समधली पाण्याची बाटली, चुरगळलेल्या पाकिटातली अर्धी गोळी, दाराजवळची उभी राहण्याची जागा, चालू ठेवलेला फोन, सर्वांची हीच गोष्ट. यातली कोणतीही वस्तू तिला वाचवत नव्हती, झटका त्यांच्याविनाही ओसरलाच असता. पण ते पडताळून पाहण्याची संधीच तिला मिळाली नाही. आणि जेवढा आधार मोठा, तेवढे संकट मोठे असणार, असे मन मानत जाते. म्हणून आधार वाढत गेला तशी भीतीही वाढत गेली.

तुम्ही लिहिले आहे की ती पूर्वी लेडीज डब्यातून जात असे आणि आता तुमच्याबरोबर जनरल डब्यात असते. या तपशिलापाशी मी थांबलो. त्या डब्यात तिची रोजची जागा असेल, आठ-दहा वर्षांच्या ओळखी असतील, कोणी भाजी निवडत असेल, कोणी भजन म्हणत असेल. आजाराने तिला तेथून उठवले. बरे होण्याचे माप म्हणून मी ‘झटके किती कमी झाले’ हे घेणार नाही, ‘ती पुन्हा त्या डब्यात बसू लागली का’ हे घेईन.

सोबत एकदम काढून घेऊ नका. रागाने किंवा थकून तर कधीच नाही. तुम्हीही थकला असणार, आठ महिने ही लहान गोष्ट नव्हे, आणि ते तिला शांतपणे सांगण्यात काही गैर नाही. पायऱ्या दोघांनी बसून कागदावर लिहाव्यात, क्रम तिने ठरवावा. एका रविवारी गर्दी नसताना धीम्या लोकलने डोंबिवलीहून कोपरपर्यंत, म्हणजे एकच स्टेशन, जाऊन परत येणे ही पहिली पायरी असू शकते. मग दिवा, मग ठाणे. नंतर तुम्ही त्याच गाडीत, पण ती लेडीज डब्यात. पुढे तुम्ही मागच्या गाडीने. त्यापुढे ती एकटी, तुम्ही घरी, आणि पोहोचल्यावर एकच निरोप. शेवटी तोही नाही. मधली स्टेशने सोडून जाणारी जलद गाडी आणि दारे बंद होणारी एसी लोकल यांची भीती सहसा सर्वांत जास्त असते, म्हणून त्या वरच्या पायऱ्यांवर ठेवाव्यात. प्रत्येक पायरी भीती उतरेपर्यंत पुनःपुन्हा करायची असते. भीती शिगेला पोहोचली असताना गाडीतून उतरून गेले तर पळाल्यामुळे सुटलो हाच धडा पक्का होतो, म्हणून शक्यतो ती थोडी ओसरेपर्यंत थांबावे. उतरावे लागलेच तर फलाटावर बसून पुढची गाडी पकडावी, घरी परत फिरू नये.

हे शास्त्रशुद्धपणे करण्याचे नाव कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपी, आणि ती प्रशिक्षित मानसोपचारतज्ज्ञांच्या मार्गदर्शनाखाली साधारण दहा ते पंधरा सत्रांत होते. तिचा एक भाग ऐकून लोक चकित होतात: थेरपिस्टच्या खोलीत झटक्यासारखी लक्षणे मुद्दाम निर्माण करतात. जागच्या जागी एक मिनिट धावणे, फिरत्या खुर्चीत गरगर फिरणे, स्ट्रॉमधून श्वास घेणे. धडधड होते, गरगरते, जीव घाबरा होतो, आणि काही होत नाही. हे दहा वेळा घडल्यावर धडधड ही केवळ धडधड उरते. दमा, हृदयविकार, अपस्मार किंवा गर्भावस्था असल्यास हे व्यायाम डॉक्टरांना विचारूनच करावेत.

औषधांविषयी तुमच्या घरात धास्ती आहे, ती मला समजते. या आजारासाठी पहिल्या पसंतीची औषधे म्हणजे सर्ट्रालीन, एस्सिटालोप्राम यांसारखी, मेंदूतल्या सेरोटोनिन या रसायनावर काम करणारी एसएसआरआय गटातली औषधे. त्यांची चटक लागत नाही, मात्र ती एकदम बंद करू नयेत, मात्रा उतरवत न्यावी. पॅनिकच्या रुग्णाला ती नेहमीपेक्षा कमी मात्रेने सुरू करतात, कारण पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांत अस्वस्थता वाढल्यासारखी वाटू शकते. नेमक्या त्याच काळात पुष्कळ जण ‘औषध सोसत नाही’ म्हणून ते सोडतात. हे आधीच माहीत असले तर तो काळ काढता येतो. परिणाम दिसायला दोन ते सहा आठवडे लागतात, आणि बरे वाटू लागल्यावरही सहसा सहा महिने ते वर्षभर औषध चालू ठेवावे लागते. अल्प्राझोलाम आणि क्लोनाझेपाम या गोळ्यांची गोष्ट निराळी आहे. त्या अर्ध्या-एक तासात आराम देतात, म्हणूनच त्यांची सवय जडते. मनोविकारतज्ज्ञ त्या सुरुवातीच्या थोड्या आठवड्यांपुरत्या देऊ शकतात, परंतु शेजाऱ्यांनी दिली, मेडिकलमधून मागून आणली, असे होऊ देऊ नये. बरेच दिवस रोज घेतल्या असतील तर त्या एकाएकी थांबवूही नयेत, त्याने फिट येऊ शकते. पर्समधली ती अर्धी गोळी कोणती आहे, ते पहिल्या भेटीत डॉक्टरांना अवश्य सांगा. चहा-कॉफी कमी केल्याने काहींना फरक पडतो. दारूने तात्पुरते बरे वाटते आणि उतरताना झटके वाढतात.

यानंतरचा मजकूर कृपया पत्नीला वाचून दाखवू नका, त्यांना स्वतः वाचू द्या.

ताई, झटका येईल तेव्हा त्याला थोपवण्यासाठी तुम्ही जे काही करता, ते एकेक करून सोडून पाहायचे आहे. नाडी मोजू नका. दीर्घ श्वास घ्या असे सगळे सांगतात, पण घाबरलेला माणूस मोठमोठे श्वास घेऊन कार्बन डायऑक्साइड आणखी घटवतो. श्वास मोठा नको, संथ हवा, आणि सोडताना थोडा अधिक वेळ लागू द्यावा. तेही झटका पळवून लावण्यासाठी नाही, केवळ त्यात भर पडू नये म्हणून. कागदी पिशवीत श्वास घेण्याचा जुना उपाय करू नये, त्रास खरोखर हृदयाचा किंवा दम्याचा असला तर तो घातक ठरतो. खांदे सैल सोडा आणि मनाशी म्हणा, ‘हा ओळखीचा आहे, येऊ दे, जाईल.’ नंतर वहीत चार गोष्टी लिहा: कुठे होता, काय होईल असे वाटले, प्रत्यक्षात काय झाले, किती वेळात ओसरले. दोन महिन्यांनी त्या वहीत दुसरा आणि तिसरा रकाना यांच्यातले अंतर तुम्हालाच दिसेल. रात्री झोपेतून दचकून उठवणारा झटकाही यातलाच असतो. तो स्वप्नामुळे येत नाही आणि त्याचा अर्थ आजार बळावला असा नसतो. आणि हे तुमच्या मनाच्या दुबळेपणामुळे झालेले नाही. स्त्रियांमध्ये हा आजार पुरुषांच्या सुमारे दुप्पट आढळतो आणि बहुधा ऐन उमेदीच्या वयात सुरू होतो, म्हणजे तुमच्याच डब्यात हेच सोसणारी आणखी कोणी असण्याची शक्यता आहे. जिच्यावर विश्वास आहे अशा एका मैत्रिणीला सांगून ठेवा. तिने काळजी घ्यावी म्हणून नव्हे. लपवण्याचे ओझे उतरले की अर्धा ताण हलका होतो, म्हणून.

आता पुन्हा तुम्हाला. झटक्याच्या वेळी ‘काही होत नाही’, ‘विचार करू नको’ आणि ‘इस्पितळात जाऊ या का?’ ही तीन वाक्ये टाळा. पहिल्याने त्रास नाकारला जातो, दुसरे कोणालाच जमत नाही, आणि तिसऱ्याने भीती खरी ठरते. जवळ बसा, आवाज खाली ठेवा, ‘ओसरेपर्यंत मी इथे आहे, घाई नाही’ एवढे पुरे. ओसरल्यावर चहा करून जे चालले होते ते पुढे चालू करा. दिवसातून दहा वेळा ‘मला काही होणार नाही ना?’ असे विचारले तर एकदा नीट उत्तर द्या, पुढच्या वेळी प्रेमाने विचारा, ‘तुला काय वाटते?’ तुमच्या आईंना मनोविकारतज्ज्ञ म्हणजे वेड्यांचा डॉक्टर वाटतो असे तुम्ही लिहिले आहे. त्यांना वाद घालून पटणार नाही. पहिल्या भेटीला त्यांनाही बरोबर न्या. डॉक्टरांच्या तोंडून ॲड्रेनलिनची गोष्ट ऐकली की घरातली वडील माणसे विरघळतात, असे मी अनेकदा पाहिले आहे. त्यांनी दृष्ट काढली तर काढू द्या, त्यावाचून उपचार अडत नाहीत.

मदत कुठे मिळेल? ‘टेली-मानस’ ही शासनाची दूरध्वनी सेवा 10 ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. क्रमांक 14416, चोवीस तास, मोफत, आणि मराठीतून बोलता येते. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली जिल्हा रुग्णालयांत मनोविकारांचा बाह्यरुग्ण विभाग असतो. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथील प्रादेशिक मनोरुग्णालयांतही बाह्यरुग्ण तपासणी होते आणि तेथे गेले म्हणजे दाखल करून घेतात हा समज चुकीचा आहे. गोव्यातील वाचकांसाठी बांबोळीची मनोविकार संस्था आहे. ठाण्यात इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ ही संस्था 1990 पासून मानसिक आरोग्याचे काम करते आहे आणि तुम्हाला ती जवळ पडेल. थेरपिस्ट निवडताना एक प्रश्न जरूर विचारा: ‘टाळल्या जाणाऱ्या गोष्टींना सामोरे जाण्याचा सराव तुम्ही करवून घेता का?’ केवळ बोलून मन मोकळे करण्याने बरे वाटते, पण लोकल प्रवासाची भीती लोकलमध्येच उतरते. स्वमदत गटाविषयीही हेच निकष लावा. ज्या गटात लोक कोणत्या पायरीवर पोहोचलो ते सांगतात तो गट उपयोगी. ज्यात फक्त लक्षणांची देवाणघेवाण होते, तेथून माणूस कालपर्यंत नसलेले एक लक्षण घेऊन घरी येतो.

एक गोष्ट मात्र पायऱ्यांची वाट न पाहता करायची. दीर्घकाळ कोंडल्यासारखे जगून या रुग्णांना नैराश्य येऊ शकते. झोप, भूक गेली, कशातच मन रमेना, ‘यापेक्षा मेलेले बरे’ असे शब्द आले, तर ते बोलण्यापुरते आहेत असे समजू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना भेटा, किंवा 14416 वर फोन करा.

आणि पुढे, सगळे सुरळीत झाल्यावर सहा महिन्यांनी किंवा वर्षाने एखादा झटका पुन्हा येईल, बहुधा तापातून उठल्यावर, जागरणानंतर किंवा घरात काही ताणाचे असताना. तेव्हा आठवडाभर रजा घेऊ देऊ नका आणि तुम्हीही पुन्हा जनरल डब्यात चढू नका. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याच गाडीने, त्याच डब्याने जावे. दोन आठवड्यांत पुन्हा काही टाळणे सुरू झाले असे दिसले, तर थेरपिस्टकडे दोन-तीन सत्रांसाठी परत जावे आणि तो पायऱ्यांचा कागद बाहेर काढावा, म्हणून तो फाडू नका.